पुण्याहून वेंगुर्ल्याला मांजरं गाडीतून न्यायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं यंदा निवृत्त झालात. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन मांजरं आहेत, नऊ वर्षांची चिमी आणि तीन वर्षांचा, नसबंदी केलेला, साडेसहा किलोचा सोन्या. डिसेंबरच्या मध्यापासून दीड महिना वेंगुर्ल्याजवळच्या जुन्या कौलारू घरात राहायला जायचंय. दोन्ही मांजरांनी दवाखान्यापलीकडे गाडीचा प्रवास केलेला नाही. झोपेची गोळी द्यावी का, पिंजऱ्यात ठेवावं की मांडीवर घ्यावं, वाटेत खाण्याचं आणि शी-शूचं काय, असं तुम्ही विचारलंत.

मी गेली २२ वर्षं पुण्यात पाळीव प्राण्यांवर उपचार करते. माझं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे माझी स्वतःची मांजरंही याच रस्त्याने अनेकदा गेली-आली आहेत. तुमचे सगळे प्रश्न गाडीतल्या दहा तासांबद्दलचे आहेत आणि ते योग्यच आहेत. पण माझ्याकडे प्रवासानंतर बिघडलेली जी मांजरं येतात, त्यांचा बिघाड बहुतेक वेळा निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत किंवा पोचल्यानंतरच्या तीन दिवसांत झालेला असतो. म्हणून मी तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी एक सांगते. तुम्ही आठवड्याभरासाठी जाणार असतात तर मी नेऊच नका म्हटलं असतं. कुणी ओळखीचं माणूस दिवसातून दोनदा घरी येऊन खाणं-पाणी आणि ट्रे बघणार असेल तर मांजर आपल्या जागेत जास्त सुखी राहतं. दीड महिना मात्र फार मोठा आहे. तेवढ्यासाठी न्यावं हे बरोबर, अट एकच: चिमीची तब्येत आधी तपासून घ्या. नऊ वर्षांच्या मांजरीचं क्रिएटिनिन, साखर, रक्तदाब आणि लघवी एकदा बघून ठेवायला हवीच. मूत्रपिंडं थकायला लागलेली असली तरी मांजर बराच काळ वरून ठणठणीत दिसतं. रेबीज आणि त्रिगुणी लस राहिली असेल तर निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी द्या. कोकणातल्या अंगणात गावची मांजरं येणार-जाणार, आणि मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू जमिनीवर, पायपुसण्यावर महिनोन्‌महिने टिकतो. लसीचं कार्ड गाडीच्या कप्प्यात ठेवा, कागदपत्रांचा विषय तेवढ्यावर संपला.

आता पिंजरा. मांडीवर नको, मोकळं तर अजिबात नको. घाबरलेलं मांजर अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरतं आणि गाडीत तशी जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशी ब्रेकखाली. दोघांना दोन वेगळे पिंजरे घ्या. एरवी गळ्यात गळा घालून झोपणारी मांजरंही भीतीच्या भरात शेजारच्यालाच ओरबाडतात आणि ती खुन्नस पुढे आठवडे टिकते. कडक प्लॅस्टिकचा, वरचं झाकण क्लिपा काढून उचलता येईल असा पिंजरा बघा. चेनवाली मऊ बॅग घेऊ नका, नाकाने ढुशा देऊन चेन उघडणारी मांजरं मी पाहिली आहेत. आत उभं राहून वळता यावं एवढी जागा हवी. त्याहून फार मोठा पिंजरा घेतलात तर घाटात मांजर आतल्या आत घरंगळतं. सोन्याला नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठा लागेल.

पिंजरा आजच आणा आणि झाकण काढून, ती दोघं दुपारी जिथे लोळतात त्या कोपऱ्यात ठेवा. आत तुमचा वापरलेला, न धुतलेला सुती गाऊन किंवा जुनी गोधडी घाला. पहिले काही दिवस काहीच करू नका. मग रात्रीचं खाणं पिंजऱ्याशेजारी, मग उंबऱ्यावर, मग आत. ती आत बसून निवांत खायला लागली की झाकण चढवा. त्यानंतर दार मिनिटभर लावून उघडा, पुढे पाच मिनिटं. मग पिंजरे उचलून खाली उभ्या गाडीत ठेवा आणि परत आणा. मग इंजिन सुरू करून. मग चांदणी चौकापर्यंत एक फेरी. प्रत्येक पायरीनंतर आवडीचं काहीतरी खायला द्या, आणि एखादी पायरी जमली नाही तर निमूटपणे आदल्या पायरीवर या. या तीन आठवड्यांत त्याच पिंजऱ्यातून इंजेक्शनला आणू नका, सगळी मेहनत वाया जाईल. लस द्यायची असेल तर ती या सरावाच्या आधी.

याने काय फरक पडतो ते मला दवाखान्यातल्या टेबलावर दिसतं. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. पिंजऱ्याची सवय नसलेलं मांजर स्टीलच्या टेबलावर ठेवलं की त्याच्या चारही पावलांचे ओले ठसे उमटतात, चेहरा कितीही शांत असो. सराव केलेल्या मांजराला मी पिंजऱ्याच्या खालच्या भागात बसलेलं असतानाच तपासते, आणि ठसे कोरडे असतात. फेरी मारून आल्यावर तुम्हीही पंजे हाताने बघा. त्यावरून कळेल किती मजल बाकी आहे.

झोपेच्या गोळीबद्दल. माणसांची कुठलीही झोपेची गोळी नको. पूर्वी प्रवासासाठी एसप्रोमझिन सर्रास द्यायचे. त्याने शरीर सुस्त होतं, रक्तदाब उतरतो, पण भीती तशीच राहते, म्हणून मी ते या कामासाठी देत नाही. आता आम्ही बहुतेकदा गॅबापेन्टिन देतो, निघण्याच्या दोन-तीन तास आधी. साधारण मांजराला ५० ते १०० मिलिग्रॅम लागतं, पण नेमका डोस तुमच्या डॉक्टरांनी वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघूनच ठरवायचा, कारण हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. चिमीच्या तपासणीत काही निघालं तर तिचा डोस बराच कमी करावा लागेल. प्रवासाच्या आठवडाभर आधी, घरीच असाल अशा दिवशी एकदा देऊन बघा. काही मांजरं झिंगल्यासारखी चालतात, कपाटावरून उडी चुकते. तो दिवस त्यांना उंचावर चढू देऊ नका. चांदणी चौकाच्या फेरीत लाळ गळली किंवा उलटी झाली तर उलटीसाठी वेगळं औषध आहे, तेही विचारून घ्या. फेरीत दोघं शांत बसली तर गोळीची गरजच नाही.

निघायच्या आदल्या रात्री आठ-नऊला जेवण, त्यानंतर खाणं बंद. पाणी चालू ठेवा. पहाटे गोळी द्यायची असेल तर ती चमचाभर मऊ खाण्यातून दिलेली चालते. बॅगा आदल्या दिवशी दुपारीच गाडीत भरा. बॅगा दिसल्या की मांजराला वास लागतो आणि ते दिवाणाखाली जाऊन बसतं, मग तासभर झाडू घेऊन मागे लागावं लागतं आणि दिवसाची सुरुवातच भीतीने होते. त्यामुळे सकाळी आधी दोघांना पिंजऱ्यात घ्या आणि मग घराचं दार उघडा.

सहाला निघालात तर कोल्हापूर अकराच्या आत-बाहेर येतं. निपाणीहून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरा. सगळं मिळून सुमारे ४०० किलोमीटर आहे. चारच्या सुमारास, उजेड असताना पोचायचं हे पक्कं ठेवा, त्याचं कारण पुढे येतंय. दिवस ऊसतोडीचे आहेत, कराड-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या संथ चालतात. घाईने ओव्हरटेक आणि कचकचून ब्रेक हे मांजराच्या पोटाला सगळ्यात वाईट.

पिंजरे पुढच्या सीटांच्या मागे, खाली पायाच्या जागेत ठेवा, तिथे हलत नाहीत. चिमी एका बाजूला, सोन्या दुसऱ्या. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखालून एसीचा झोत थेट तिथे येतो, म्हणून निघण्याआधी तिथे हात धरून बघा. खाली दवाखान्यात पेशंटसाठी मिळतात ते अंडरपॅड घाला, दोन-तीन जास्तीचे जवळ ठेवा. वरून पातळ सुती पंचा टाका, एक बाजू हवेला मोकळी ठेवून. एअर फ्रेशनर काढून टाका. दोघांच्या गालांवरून घरीच एक स्वच्छ रुमाल फिरवून तो ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात ठेवला तर त्यांना स्वतःच्या वासाची सोबत होते. पहिला अर्धा तास दोघं ओरडतील. आंजारत-गोंजारत उत्तर देत बसू नका, तुम्ही हळू आवाजात आपापसात बोला. कात्रजचा बोगदा ओलांडून खंबाटकी चढेपर्यंत बहुतेक मांजरं गप्प होतात.

वाटेत खाणं द्यायचं नाही. पाणी दोन वेळा दाखवा, प्यायली नाहीत तरी दहा तासांत काही बिघडत नाही. ट्रे सोबत घ्या, पण ती वापरतील अशी अपेक्षा ठेवू नका. मांजर दहा-बारा तास धरून ठेवू शकतं.

पिंजरा वाटेत उघडायचाच असेल तर कसा, हे मी फार वाईट अनुभवातून शिकले. २०११ च्या डिसेंबरात आमची जाई घेऊन आम्ही निघालो होतो. कराडच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो, मी मागच्या सीटवर बसून तिला पाणी द्यायला दार उघडलं आणि त्याच क्षणी यजमानांनी चहा घेऊन पलीकडचं दार उघडलं. जाई माझ्या मनगटावरून गेली ती दिसलीच नाही. आम्ही रात्रभर मागच्या उसाच्या फडात हाका मारत फिरलो. पहाटे साडेचारला ती सापडली, गाडीपासून चाळीस पावलांवर, पंक्चरवाल्याच्या जुन्या टायरांच्या ढिगात. मी त्या ढिगावरून तीनदा गेले होते. तिने हाकेला ओ दिली नव्हती. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तेव्हा दोन हिरवे डोळे चमकले, एवढंच. म्हणून आता नियम असा: अंगात हार्नेस आणि दोरी आधी, चारही काचा वर, सेंट्रल लॉक लावलेलं, दुसरं माणूस गाडीतच बसलेलं, आणि मगच पिंजऱ्याची कडी. टोलनाक्यावर, पंपावर, पंक्चर काढताना पिंजरा बंदच.

जेवायला उतराल तेव्हा एक जण गाडीत, एसी चालू. थंडी आहे म्हणून काच दोन बोटं खाली करून जाऊ नका. बाहेर जेमतेम २१-२२ अंश असतानाही उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशीला पोचतो, आणि काचेची फट त्याला फारशी अडवत नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकणं कुत्र्यात नेहमीचं आहे, मांजरात ते धोक्याचं आहे. तसं दिसलं तर गाडी थांबवा, एसी वाढवा, पंजे आणि कानांना साध्या पाण्याचा ओला फडका लावा, बर्फ नको. पाच-दहा मिनिटांत श्वास बसला नाही तर जवळचा दवाखाना गाठा.

आंबोलीचा घाट उतरताना उलटी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. घाटाच्या आधी दहा मिनिटं सावलीत थांबा, आणि वळणं सावकाश घ्या.

आता ते घर. कौलारू घराबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय, कारण शहरातल्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही. कोकणातल्या जुन्या घरात भिंती कौलांपर्यंत जात नाहीत. मधे हातभर मोकळी जागा असते, हवा खेळावी म्हणून. तुम्ही खोलीचं दार लावाल, खिडक्या लावाल आणि समाधानाने चहा टाकाल. तेवढ्यात सोन्या कपाटावर, कपाटावरून भिंतीच्या माथ्यावर, तिथून वाशावर आणि सरकलेल्या एखाद्या कौलातून बाहेर. माझ्या माहेरी असंच एक मांजर दोन दिवस आढ्यावर बसून होतं. खाली सगळे ताटल्या वाजवत होते आणि ते आणखी आणखी कोपऱ्यात सरकत होतं.

म्हणून स्लॅबची किंवा वरून फळ्यांनी पूर्ण बंद माळ्याची एक खोली निवडा. तशी नसेल तर मोरी-बाथरूम नवीन बांधलेलं असतं, ते चालेल. घर बघणारं कुणी असेल तर आधी फोन करून खोली झाडून घ्यायला सांगा, फिनेल आणि डांबरगोळ्या न वापरता. दोन्ही मांजराला विषारी आहेत. पोचल्यावर उजेडात तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून खोली बघा: सांडपाण्याचं भोक, गज नसलेली खिडकी, मोडकी जाळी. मग घरून आणलेला ट्रे, घरचीच वापरातली थोडी माती मिसळून, एका कोपऱ्यात. खाणं-पाणी त्याच्यापासून लांब. पिंजरे उघडून भिंतीशी. आणि तुम्ही बाहेर या. त्यांना ओढून काढू नका. चिमी बहुधा रात्रीपर्यंत पिंजऱ्यातच बसेल, बसू दे. कमीत कमी तीन दिवस तीच खोली त्यांचं घर. तिथे खाऊन-पिऊन, ट्रे वापरून, शेपूट वर करून फिरायला लागली की बाकीचं घर थोडं थोडं उघडा. खाणं पुण्याचंच, दीड महिन्याचं सोबत न्या. बाजारातून ताजा बांगडा आला की मोह होईल, पण पहिला आठवडा नको, नंतरही शिजवून आणि काटे काढून. खारवलेलं सुकं मासळं कधीच नको.

या तीन दिवसांत सोन्याच्या लघवीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सगळ्या उत्तरातून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. जागा बदलल्याच्या ताणाने मूत्राशयाला सूज येते, पाणी कमी प्यायलं जातं, आणि खड्यांची भुकटी किंवा चिकट स्राव अडकून लघवी तुंबते. जाडसर, घरातच राहणाऱ्या, नसबंदी केलेल्या तरुण बोक्यांत हे जास्त दिसतं, म्हणजे सोन्यासारख्यांतच. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाईल, कुंथेल, मागचा भाग चाटत बसेल, ओरडेल. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, मग एरंडेल दिलं जातं आणि एक रात्र वाया जाते. पूर्ण तुंबलं तर रक्तातलं पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत मांजर दगावतं. त्यामुळे रोज ट्रेमधले लघवीने झालेले मातीचे ओले गोळे मोजा. दोघं एक ट्रे वापरत असतील तर पहिले दिवस ट्रे वेगळे ठेवा, नाहीतर चिमीचे गोळे मोजून तुम्ही निश्चिंत व्हाल. पोचल्यापासून २४ तासांत सोन्याचा एकही गोळा नसेल तर वाट बघायची नाही, आणि तो कुंथताना दिसला तर २४ तासही थांबायचं नाही.

यासाठी निघण्याआधीच फोन करून ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काम मुख्यतः गाई-म्हशींचं असतं. बोक्याला कॅथेटर घालणारे डॉक्टर सावंतवाडी-कुडाळकडे कोण, आणि नसतील तर गोव्यात कोण, हे विचारून नंबर भिंतीवर चिकटवा. वेंगुर्ल्याहून म्हापसा कोल्हापूरपेक्षा पुष्कळ जवळ आहे. प्रवासाच्या आधीपासूनच दोघांना ओलं खाणं वाढवा, कोरड्यात कोमट पाणी घाला. पाणी पोटात जाणं हाच यावरचा सगळ्यात सोपा बचाव.

चिमीचं वेगळं. ती रुसून खाणार नाही. एक दिवस ठीक, दुसऱ्या दिवशीही काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. उपाशी मांजराची अंगातली चरबी यकृतात साचते, आणि मग कावीळ होते.

टाळायच्या दोन औषधांची नावं लिहून ठेवा. पॅरासिटामॉल, म्हणजे तुमच्या पिशवीतली तापाची साधी गोळी. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एका गोळीनेही जीव जातो. आणि परमेथ्रिन. गावात गोचीड-पिसवांसाठी कुणीतरी प्रेमाने कुत्र्याच्या औषधाचे थेंब देईल, त्यात ते असू शकतं. मांजराला त्याने झटके येतात. मांजराचं म्हणून लिहिलेलंच औषध पुण्याहून लावून निघा.

अंगणात मोकळं सोडायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण तिथे गेल्यावर वाटणारच. माझं मत स्पष्ट आहे, सोडू नका. सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप सगळीकडे असतो, पालापाचोळ्यात दिसत नाही, आणि हलणाऱ्या वस्तूवर झडप घालणं हा मांजराचा स्वभावच. बिबट्या रात्री अंगणापर्यंत येतो. गावचे बोके आपली हद्द सोडत नाहीत, त्यांच्या चाव्यातून कातडीखाली पू आणि रक्तात आजार दोन्ही येतात. सकाळच्या उन्हात हार्नेस घालून पडवीत बसवा, तिथे ती दोघं खूष होतील.

तरीही निसटलंच, तर लांब धावू नका. घरात वाढलेलं मांजर सहसा शंभर-दीडशे मीटरच्या आतच दडून असतं: लाकडांच्या ढिगाखाली, गोठ्यात, शेजारच्या माळ्यावर. दिवसा हाका मारण्यापेक्षा रात्री निजानीज झाल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकून बघा, आणि दाराशी त्याचाच ट्रे आणि तुमचा गाऊन ठेवा. जाई आठवा.

परतीसाठी वेगळी तयारी लागत नाही, फक्त दीड महिना पिंजरे माळ्यावर टाकू नका. त्याच खोलीत उघडे राहू द्या, ती दोघं त्यात झोपत राहतील. निघायच्या आदल्या संध्याकाळी दिवेलागणीलाच दोघांना खोलीत घेऊन कडी लावा. चिमीचा रिपोर्ट आला की गोळीचा डोस ठरवायला तुमच्या डॉक्टरांना भेटा, आणि पिंजरा मात्र आजच आणा.